पुढची खोली

तलासरीवरून उधव्याकडे जाणारी एसटी किती वाजता आहे, हे मला विचारावं लागलं. डहाणूच्या डेपोत चौकशीच्या खिडकीमागे नवीनच कुणी बसला होता. "पावणेदहाची आहे," तो म्हणाला, "पण तुम्ही दहा धरा." मी बाकावर जाऊन बसले. याच डेपोतून माझे बाबा जन्मभर कंडक्टर म्हणून गाड्या घेऊन गेले, आणि मला गाडीची वेळ माहीत नव्हती.

तीन आठवड्यांची रजा घेऊन घरी आले होते. आल्यापासून नुसती झोपत होते. जेवायचं, आडवं व्हायचं, उठून चहा घ्यायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायचं. बाबा काही विचारत नव्हते. इटलीतल्या ज्या गावात मी राहते, तिथे माझं काम भूकंपानंतर घरं तपासण्याचं आहे. माणसं दाराबाहेर सामान घेऊन उभी असतात. मी आत जाऊन भिंती बघते, कागदावर सही करते, आणि त्या सहीवर ती माणसं आत जातात किंवा जात नाहीत. हे काम मी मागून घेतलेलं आहे. तरी गेल्या वर्षभरात असं व्हायला लागलं होतं, की सही करून झाली की पेनाला टोपण लावायचंही त्राण उरत नसे.

त्या दिवशी सकाळी मात्र लवकर जाग आली. बाबांना म्हटलं, "तलासरीकडे जाऊन येते. त्या सोनीबाईच्या पाड्यावर."

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. पुन्हा उचलला. "ऊन फार आहे," एवढंच म्हणाले.

गाडी दहाला नाही, सव्वादहाला आली. कंडक्टर मुलगी होती, माझ्याहूनही लहान. तिने हातातल्या यंत्राचं बटण दाबलं आणि पातळ, गुळगुळीत कागदाचं तिकीट माझ्या हातावर ठेवलं. मी मागच्या दाराजवळच्या खिडकीशी बसले. ही जागा माझी होती. आई मी चौथीत असताना गेली. त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्या मी या खिडकीशी काढल्या. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून बाबा मला ड्युटीवर बरोबर घ्यायचे, कंडक्टरच्या बाकावर खिडकीकडेला बसवायचे आणि म्हणायचे, "हात बाहेर काढायचा नाही आणि भूक लागली तर सांगायचं."

बोर्डीच्या फेरीला गाडीत चिकूचा वास असायचा. पिकायला आलेल्या चिकूला एक दमट, मातकट गोडी असते, ती कपड्यांना चिकटायची. तलासरीच्या फेरीला सुक्या बोंबलांचा वास, ताडीचा, ओल्या गोणपाटाचा. बाकाखाली पाय बांधलेल्या कोंबड्या मधूनच माझ्या पोटऱ्यांना चोच लावायच्या. बाबांच्या चामडी पिशवीला आतून एक आंबूस वास होता, आणि तिकिटाला भोक पाडायचा त्यांचा चिमटा गाडीभर टिकटिकत फिरायचा. पाड्यावरची माणसं त्यांना मास्तर म्हणायची. सगळ्याच कंडक्टरांना म्हणतात, पण मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, बाबा कुठेतरी शिकवायला जातात आणि गाडी ही त्यांची शाळा आहे. किराणा दुकानदाराशी ते गुजरातीत बोलायचे, डोंगराकडच्या बायांशी त्यांच्या बोलीत, आणि माझ्याशी मात्र अगदी शुद्ध मराठीत, कारण आईने तसं सांगून ठेवलं होतं.

मोहाची फुलं गळायची त्या दिवसांत गाडी उधव्याच्या अलीकडे आली की खिडकीतून जड, गोड वारा यायचा आणि ड्रायव्हर उगाचच गाडी हळू करायचा. होळीच्या आधी गाडीत पाय ठेवायला जागा नसे. वीटभट्ट्यांवर, रेतीवर कामाला गेलेली माणसं परत येत असत. पत्र्याच्या पेट्या, नवे कोरे शर्ट, झोपलेली मुलं. "मास्तर, हळू चालवाया सांग रं," कुणीतरी म्हातारी ओरडायची, आणि बाबा घंटीची दोरी धरून उभ्याउभ्याच म्हणायचे, "आजी, गाडी त्याच्या हातात, घंटी माझ्या हातात. कुणाला सांगू?" गाडीभर हसू पसरायचं. ते हसू मला अजून आठवतं. त्यातली माणसं आठवत नाहीत.

मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, त्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा. जमिनीच्या पोटात कुणीतरी मोठं दार आपटल्यासारखा. मग भांडी थरथरायची, मग कुत्री भुंकायची, आणि मग सगळं इतकं शांत व्हायचं की आपण कशाला घाबरलो हेच कळू नये. डहाणूत चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य "जाणवला?" हे असायचं. पण आमच्याकडे तसं कमी. तलासरीकडे, डोंगराच्या अंगाला, धक्क्यांनी माणसांची पाठ सोडली नव्हती. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही, आणि ते काहीच नसलेले दिवस जास्त वाईट, असं बाबा सांगायचे. शाळा पटांगणात भरत होत्या. घरांसमोर ताडपत्रीचे तंबू उभे राहिले होते. धडधाकट घर मागे आणि माणसं पुढे प्लास्टिकखाली, असं सगळ्या पाड्यांवर दिसत होतं.

आमच्या सरांनी वर्गातल्या मुलामुलींना घेऊन सहल काढावी तशी पाहणी काढली. घरं मोजायची, भेगा मोजायच्या, फॉर्म भरायचे. मी डहाणूची म्हणून मला मिनीबसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागे मुलं गाणी म्हणत होती. वाट वाकडी करून महामार्गावर अच्छाडला ट्रकांच्या रांगेशेजारच्या ढाब्यावर आम्ही पराठे खाल्ले, वर लोण्याचा गोळा. त्या पराठ्यांची चव अजून जिभेवर आहे, आणि आठवली की थोडी लाज वाटते.

माझ्या वाट्याला आलेलं तिसरं घर सोनीबाईचं. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, केसात कसलंसं पिवळं रानफूल. एका बाजूला जुनं घर, कारवीच्या काठ्यांवर शेणामातीचा लेप दिलेल्या कुडाच्या भिंतींचं. त्यात आता शेळ्या असायच्या. शेजारी नवं विटांचं घर, वर पत्रे. तिचा नवरा रावजी वापीला गवंडीकामाला जायचा. हे घर त्याने दोन उन्हाळ्यांत स्वतःच्या हाताने बांधलं होतं. पुढची खोली पहिल्या उन्हाळ्यात, सावकाश. मागची दुसऱ्या उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, घाईने. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतींवरून कळत होतं.

सोनीबाईने मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. न सांगता. भिंत सरळ आहे का बघायला मी ओळंबा सोडला की ती श्वास रोखून त्या हलणाऱ्या गोळ्याकडे बघायची. पारदर्शक कार्ड भेगेवर धरून मी रुंदी लिहीत होते, तेव्हा ती शेजारी वाकून उभी राहिली.

"बाय, एक सांगशील?"

"विचारा ना, मावशी."

"आता आमी आत निजायचा का भायेर?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे नाही, कार्डाकडे बघत होती. "भायेर थंडीत पोरी खोकतात," ती म्हणाली. "आत निजावा तं जीव राहत नाय."

अंगणातल्या तंबूतून तिच्या दोन मुली आमच्याकडे टक लावून बघत होत्या. धाकटीच्या गळ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. मी बाहेर येऊन सरांना गाठलं. सर हळू आवाजात म्हणाले, "आपण मोजायला आलोय. सांगायचं काम आपलं नाही. उद्या उत्तर चुकलं तर कोण जबाबदार?" सर वाईट नव्हते. त्या घराच्या मागच्या भिंतीपाशी ते स्वतः दोनदा जाऊन आले होते, आणि दोन्ही वेळा डोक्याला हात लावून परतले होते.

मी सोनीबाईला सांगितलं, "आम्ही रिपोर्ट देणार आहोत. मग तुम्हाला कळवतील."

"बरा," ती म्हणाली, आणि पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. मग तिने आम्हा सगळ्यांसाठी कोरा चहा केला.

त्याच दिवसांत मी बाहेर शिकायला जायचे अर्ज भरत होते. अर्ज भरण्याचा तो काळ आठवला की मला आजही आधी थकवाच आठवतो. तेच नाव, तीच जन्मतारीख, तेच गुण, निरनिराळ्या चौकटींत पुन्हा पुन्हा. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या खिडकीपुढची रांग. बंद पाकिटाच्या जोडावर अर्धा इकडे अर्धा तिकडे उमटलेला शिक्का. शिफारसपत्रांसाठी सरांच्या केबिनबाहेर ताटकळणं. इंग्रजीच्या परीक्षेला बाबा ड्युटी बदलून माझ्याबरोबर आले आणि केंद्राबाहेरच्या फुटपाथवर सव्वातीन तास उभे राहिले. "बसायचं ना कुठेतरी," मी म्हटलं. "आयुष्यभर उभाच आहे," ते म्हणाले, "सवय आहे." स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला माझं नाव पासपोर्टवर कसं आहे ते पाठ झालं होतं. "बेन, आजे कई युनिवर्सिटी?" तो गुजरातीत विचारायचा, आज कुठली म्हणून. टोनरचा गरम वास, यंत्राचा हिरवा उजेड, आणि माझं आयुष्य एकेक पान बाहेर पडत असे.

शेवटी राहिला तो निबंध. तुम्हाला हे का शिकायचं आहे, पाचशे शब्दांत. मी चार वेळा लिहिला. चारही वेळा तो कुठल्याही मुलीने लिहावा तसा झाला. पाचव्या वेळी मी पहिल्या ओळीत सोनीबाईचा प्रश्न लिहिला. इंग्रजीत तो आणखी छोटा झाला, आणखी धारदार. वाचणारा तिथे थांबणार हे मला लिहितानाच कळलं होतं. त्यासाठीच मी तो उचलला. बाबांना मराठीत करून वाचून दाखवला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "छान लिहिलंयस." मग बराच वेळ युनिफॉर्मच्या शर्टाला इस्त्री करत राहिले.

इटलीच्या विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलं. व्हिडिओवर, आमच्या संध्याकाळी. शेजारच्यांनी मध्येच दार वाजवू नये म्हणून बाबा बाहेर पायरीवर जाऊन बसले. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, मागे त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसत होते, त्यामुळे मला उगाच धीर आला. त्यांनी विषयाचं बरंच विचारलं. मला सगळं आलं. मग त्यांनी माझा निबंध समोर धरला आणि साधेपणाने विचारलं, "मग त्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत?"

मी त्यांच्या मागच्या वाळत्या कपड्यांकडे बघितलं.

"पुढच्या खोलीत झोपा, असं सांगितलं," मी म्हटलं.

आणि का, ते नीट समजावून सांगितलं. पुढच्या खोलीच्या भिंती नऊ इंची आहेत, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून काँक्रीटचा सलग पट्टा चौफेर गेला आहे, कोपऱ्यात विटा एकमेकींत नीट गुंतल्या आहेत. मागची भिंत चार इंची आहे, पट्टा नाही, आणि कोपऱ्यातून सुटायला लागली आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्याच फॉर्मवर माझ्याच अक्षरात होता. फक्त मी तो सोनीबाईला सांगितलेला नव्हता. पांढऱ्या केसांच्या बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं, हसल्या.

मी बाहेर आले. बाबा पायरीवरून उठले. "झालं?"

"झालं. पण मी खोटं बोलले, बाबा."

काय ते सांगितलं. बाबांनी चप्पल पायाने सरळ केली, मग दुसरी. "परवा माझी सुट्टी आहे," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीने जाऊ."

आम्ही गेलो तेव्हा तंबू अजून होता. ताडपत्रीचा निळा रंग उडून पांढुरका झाला होता. धाकटी खोकत होती. सोनीबाईने मला ओळखलं. "आला का रिपोट?"

"नाही आला. मीच सांगायला आलेय."

मी सगळं घर पुन्हा मोजलं. पहिल्या वेळी एक तास लागला होता, या वेळी दुपार गेली. आकडे दोनदा चुकले, दोनदा पुन्हा घेतले. बाबा रावजीबरोबर मोहाच्या झाडाखाली बसून विड्या आणि वापीतल्या कामांविषयी बोलत होते, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मग मी चौघांना अंगणात बसवून सांगितलं. पुढच्या खोलीत झोपा. मागच्या खोलीत कुणीही नाही, दिवसासुद्धा नाही. फळीवरची जड भांडी खाली उतरवा. डोकं दाराकडे करा. उन्हाळ्यात मागची भिंत उतरवून जाड बांधा, आणि असा पट्टा फिरवा. फॉर्मच्या पाठीमागे मी चित्र काढून दिलं.

रावजीने कागद उलटसुलट करून बघितला. "मना म्हाइत व्हता," तो म्हणाला, "ती भिंत घाईत जाली."

सोनीबाईने मला एवढंच विचारलं, "तू सांगतेस ना?"

"हो. मी सांगते."

परतीची गाडी सुटली. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल. पण गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि मला ती खोली दिसत होती, ओळीने चार अंथरुणं, डोकी दाराकडे. बाबांनी तिकिटं काढली नव्हती, त्यांच्या ओळखीचा कंडक्टर होता. तो त्यांच्याशी गप्पा मारत होता आणि बाबा मला विचारत होते, "पाणी पितेस का?"

प्रवेश मिळाला. भाद्रपदात मी गेले. बाबांनी वाळवलेल्या चिकूच्या फोडी वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या तळाशी घातल्या. त्या हिवाळ्यात, खोलीबाहेर बर्फ पडत असताना, मी त्यातली रोज एकेक फोड चघळायचे, संपू नये म्हणून.

आणि रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, फोनवर धक्क्यांची यादी उघडायचे. जगभरातल्या धक्क्यांची. मला त्यातल्या एकाच गावाचं नाव बघायचं असे. नसलं की दिवस सुरू व्हायचा. असलं की बाबांना फोन.

"बाबा, काल धक्का झाला का?"

"अगं काही नाही. ट्रक गेल्यासारखं वाटलं."

"आणि तिकडे?"

"तिकडे सगळं ठीक आहे."

मी कधी विचारलं नाही, तुम्हाला कसं कळलं. मला ते वाक्य हवं असायचं, ते मिळायचं, मी कामाला लागायचे. शिकून झालं, नोकरी लागली, पहिल्या सहीआधी मी तेच घर तीनदा तपासलं, ते माझ्या वरिष्ठांनी बघून न बघितल्यासारखं केलं. हळूहळू सह्या वाढल्या. मध्ये दोनदा घरी येऊन गेले, पण पाड्याकडे फिरकले नाही. वेळ नव्हता असं मी सांगत असे. खरं म्हणजे धीर नव्हता. न बघितलेलं घर माझ्या मनात उभं होतं, तेवढं पुरे होतं.

आज गाडी पाड्याच्या फाट्यावर थांबली. पूर्वी इथून पायवाट होती, आता खडीचा रस्ता आहे. मोहाचं झाड तसंच. पण तो वास नव्हता, फुलं केव्हाच सरली होती. पानं कोवळी, तांबूस, आणि झाडाखाली मोटारसायकल उभी.

घर उभं होतं.

मी लांबूनच आधी मागची बाजू बघितली. भिंत नवी होती, जाड, विटांचा रंग वेगळा. दाराच्या डोक्याच्या उंचीवरून काँक्रीटचा पट्टा गेलेला, डावीकडे जरासा उतरता, माझ्या चित्रासारखाच, कारण माझं चित्रही डावीकडे उतरलं होतं. मी तिथेच रस्त्यात उभी राहिले.

सोनीबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. केस बरेच पिकलेले. तिने कपाळावर हात धरून बघितलं.

"कोन गं?"

"मी घर मोजायला आले होते, मावशी. धक्क्यांच्या वेळी."

"मोजाया लई जन आलं," ती मिरच्यांकडे वळत म्हणाली.

"मास्तरांची मुलगी."

तिने मिरच्या टाकल्या. "आगो! मास्तरची पोर! अशी वाळलीस कशानं?" आणि लाल झालेले हात लुगड्याला पुसत तिने मला आत नेलं. पुढच्या खोलीत. खोलीत गारवा होता, सारवणाचा वास, कोपऱ्यात शिलाई मशीन. थोरली लग्न होऊन गेली होती, धाकटी बोर्डीला शिकत होती. तिचा खोकला केव्हाच गेला होता.

"मावशी, तेव्हा मी सांगून गेले, मग तुम्ही लगेच आत झोपायला लागलात ना?"

"नाय," सोनीबाई म्हणाली.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"नाय निजलो. तू पोर. पुस्तकातला सांगतेस. आज हायेस, उद्या जाशील. भिंत पडली तं तू येनार व्हतीस का?" तिच्या आवाजात राग नव्हता. "पावसात त्या कुडाच्या घरात काढला, शेळ्यांसंगं. गळत व्हता. दिवाळी सरली आन् मोठा धक्का जाला. मग दोन दिसांनी मास्तर आला."

"बाबा?"

"एकटाच. भिंतीला हात लावला. कोपऱ्यात वाकून बघला. मग इथं निजला." तिने माझ्या पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं. "दुपारभर. मास्तर निजला तं रावजी बोलला, मग आपन कशाला भ्यायचा? त्या रातीपासून आमी आत."

मी पाय बाजूला घेतले.

"मग दर धक्क्याला येयाचा. दोन दिसांनी, तीन दिसांनी. भिंत बघायचा, निजायचा, उठला का चा पियाचा आन् गाडीला जायाचा. मागची भिंत बांधली तवा तुझा कागद घेऊन रावजीच्या डोक्यावर उभा राहला व्हता, भांडन जाला दोघांचा." ती हसली. "तुना नाय सांगितला?"

"नाही."

"आता नाय येत. गुडघं दुखतात बोलला. धक्के बी कमी जाले."

तिने चहा केला, कोरा, गूळ घातलेला. मी भिंतीला टेकून प्यायले. यादीतले ते धक्के मला एकेक आठवत होते. त्यातल्या प्रत्येकाच्या वेळी मी कुठे होते, काय घातलं होतं, फोन कुठल्या कानाला होता. आणि दोन दिवसांनी, मी ते विसरून ग्रंथालयात बसले असताना, बाबा इथे या सारवलेल्या जमिनीवर होते. माझे बाबा दुपारी झोपत नाहीत. ड्युटीच्या सवयीने त्यांना दिवसा कधी डोळा लागत नाही. आई गेली त्या दुपारीसुद्धा ते उभेच होते.

निघताना सोनीबाईने फडक्यात बांधून मिरच्या दिल्या. फाट्यावर गाडीची वाट बघत बसले. महामार्गावरचे ट्रक लांबून ऐकू येत होते, एकामागून एक, थांबल्याशिवाय. मला पुन्हा झोप येत होती. पण ती आधीसारखी नव्हती, दिवसभर उन्हात फिरून आल्यावर येते तशी होती.

घरी पोचले तेव्हा बाबा पायरीवर बसून लसूण सोलत होते. "गाडी मिळाली वेळेवर?"

"मिळाली." मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. "बाबा, तुम्ही तिकडे जायचात. मी गेल्यावर."

त्यांनी वर बघितलं नाही. "सोनीबाई बोलली वाटतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" लसणाची सालं वाऱ्याने उडत होती, ती ते पायाने दाबत होते. "तुझा फोन यायचा. आवाज असा असायचा की मी सांगून टाकायचो, सगळं ठीक आहे म्हणून. फोन ठेवला की मग चैन पडायचं नाही. सांगितलं तर आहे, पण बघितलंय कुठे? म्हणून सुट्टी मिळाली की जाऊन यायचो."

"पण झोपायचं कशाला?"

"पहिल्यांदा गेलो तेव्हा ती बाई म्हणाली, मास्तर, तुमची पोर सांगते आत निजा. तुम्ही निजाल का?" बाबांनी हातातली पाकळी वाटीत टाकली. "मग काय करणार? म्हटलं, दे गोधडी."

"झोप लागायची तुम्हाला?"

"छे गं." ते पहिल्यांदा हसले. "डोळे घट्ट मिटून पडायचो. जरा कुठे पत्रा वाजला की काळजात धस्स व्हायचं. वाटायचं, उठावं आणि सरळ फाट्यापर्यंत पळत सुटावं. पण ती दारात बसलेली असायची, दोन्ही पोरींना घेऊन. तिघी माझ्याकडे बघत. त्यांच्यादेखत उठणार कसा?"